अंगणात भरलेली शाळा : ताराबाई मोडक

अंगणवाडी हा शब्द आज भारतातल्या कोणत्याही राज्यात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. केरळातल्या खेड्यात, कर्नाटकातल्या तांड्यावर, उत्तरेतल्या एखाद्या कसब्यात तो थोड्याफार उच्चारभेदाने सर्वांच्या तोंडी आहे. सरकारी कागदावर तो आहे, शाळेच्या पाटीवर आहे आणि तीन वर्षांच्या मुलाच्या बोबड्या बोलण्यातही आहे. मात्र ज्या अंगणांवरून हा शब्द घडला ती अंगणे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी या समुद्रकाठच्या गावातली होती, आणि त्या अंगणांतली मुले गावातल्या बालवाडीची पायरी चढायला धजत नव्हती, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शाळा उचलून त्या अंगणात नेऊन ठेवणाऱ्या ताराबाई मोडक तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. नाव झाले होते, मुंबईत चांगली चाललेली संस्था होती, सुखाने स्वस्थ बसावे असे वय होते.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाच्या विचारांचे. त्यामुळे मुलीने शिकावे की नाही, हा प्रश्न त्या घरात उपस्थितच झाला नाही. ज्या काळात पदवीधर स्त्री पाहण्यासाठी लोक मुद्दाम थांबत, त्या काळात, १९१४ साली, ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. पुढे अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सुधारकी घर, शिकलेले पतिपत्नी, वऱ्हाडातल्या एका सुखवस्तू शहरातला संसार, असे सारे जुळून आले होते. तरी तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास ताराबाई विभक्त झाल्या. पदरी प्रभा ही तान्ही म्हणावी अशी मुलगी होती. आज शंभर वर्षांनंतरही ज्या प्रसंगात बाईलाच चार प्रश्न अधिक विचारले जातात, तो प्रसंग त्या काळी किती अवघड असेल याची कल्पना करता येते. ताराबाईंनी त्याविषयी जन्मभर फारसे बोलणे टाळले. त्यांनी नोकरी शोधली.

ती मिळाली दूर काठेवाडात. राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्या झाल्या. शिक्षिका घडवणाऱ्या त्या संस्थेत या पदावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय. पगार चांगला, मान मोठा, राहण्याची सोय उत्तम. एकट्या स्त्रीने मुलीला वाढवायचे तर याहून सुरक्षित जागा सापडणे कठीण होते. ताराबाईंनी ती जागा सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरला, एका वकिली सोडलेल्या गृहस्थाच्या बालमंदिरात काम करायला गेल्या. हितचिंतकांना हा अविचार वाटला असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

ते गृहस्थ म्हणजे गिजुभाई बधेका. वकिली करता करता स्वतःच्या मुलाला कसे वाढवावे या विवंचनेतून ते मादाम माँटेसरींच्या ग्रंथांकडे वळले, नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी तेथे बालमंदिर सुरू केले. गुजरातेत लोक त्यांना कौतुकाने मिशाळ आई म्हणत. छडी नाही, घोकंपट्टी नाही, बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही, असा तो प्रयोग होता. मुले आपल्या हातांनी पाणी भरत, झाडत, भाजी निवडत, बागेत खपत, गात, नाटके करत, आणि अक्षरे जणू वाटेत भेटावीत तशी त्यांना भेटत. राजकोटच्या प्राचार्यांनी हे पाहिले आणि शिक्षिकांना पाठ कसा घ्यावा हे शिकवण्यापेक्षा मूल कसे शिकते हे आधी आपण शिकले पाहिजे, असे त्यांच्या मनाने घेतले. प्राचार्यपदावरून विद्यार्थिदशेत उतरणे सोपे नसते. त्यासाठी लागणारा विनय ताराबाईंजवळ होता, असे म्हणावे लागते. एरवी त्यांच्या स्वभावाची ख्याती करारीपणाबद्दलच अधिक होती.

भावनगरात त्या नऊएक वर्षे राहिल्या. मुंबईची ही मराठी बाई गुजराती मुलांशी गुजरातीत बोलली, गुजरातीत लिहू लागली, आणि गिजुभाईंच्या जोडीने तिने गुजराती शिक्षणपत्रिका चालवली; पुढे हे मासिक मराठीतही निघाले. लहान मुलाला त्याच्या आईच्या भाषेतच शिकवले पाहिजे, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीने वादाचा विषय नव्हती. त्यासाठी भाषा शिकण्याचे कष्ट मुलाने नव्हे, शिक्षिकेने घ्यायचे होते. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी शाळा चालवणाऱ्यांना आणि त्या शाळांत मुले घालणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि त्याचे काम ताराबाईंच्या अंगावर आले. मुंबईला परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केले, त्याला जोडून शिक्षिकांचे अध्यापन मंदिर काढले. दादरच्या मध्यमवर्गीय घरांतली मुले छोट्या चटया अंथरून माँटेसरी साहित्याशी खेळू लागली. आईबाप आधी बिचकले, मग रांगा लागल्या. लेखन, व्याख्याने, शिबिरे, पालकसभा यांत वर्षे भरभर गेली. येथपर्यंतची त्यांची कहाणी ही एका यशस्वी शिक्षणतज्ज्ञ बाईंची कहाणी आहे. तेथेच ती थांबली असती, तर बालशिक्षणाच्या इतिहासात त्यांना एक मानाचे पान मिळाले असते.

ती थांबली नाही याचे कारण एक बोचणी. मादाम माँटेसरींनी १९०७ साली रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले ते कामावर जाणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी. भारतात मात्र ही पद्धत आली ती मोटारीतून उतरणाऱ्या मुलांसाठी. गुलाबी मनोऱ्याचे दहा ठोकळे, दट्ट्यांचे लाकडी संच, रंगांच्या पट्ट्या, आवाजाच्या डब्या हे सारे साहित्य मापाबरहुकूम घडवलेले असे. त्यातला एक मिलिमीटर चुकला तरी चालत नसे, आणि त्याचा खर्च खेड्यातल्या शाळेच्या आवाक्याबाहेरचा होता. गांधीजींचेही हेच म्हणणे होते, की खेड्यातल्या मुलापर्यंत पोचायचे तर हे शिक्षण स्वस्त आणि इथल्या मातीतले झाले पाहिजे. १९४४ साली कस्तुरबा गेल्या आणि त्यांच्या स्मरणार्थ खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठी निधी उभा राहिला. नयी तालीम ही सात वर्षांच्या मुलापासून नव्हे तर अगदी जन्मापासून सुरू व्हावी, असा विचार त्याच सुमारास सेवाग्रामला पुढे आला. ताराबाईंनी दादरचा पसारा आपल्या तयार केलेल्या माणसांवर सोपवला आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. वय त्रेपन्न.

याच वर्षी बोरिवलीला भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांना अनुताई वाघ भेटल्या. अनुताई पस्तिशीच्या, बालविधवा, पुण्यात शिक्षिका. आयुष्य कशाला वाहावे याच्या शोधात असलेल्या. ताराबाईंनी बोर्डीला येता का म्हणून विचारले आणि त्या आल्या. पुढची अठ्ठावीस वर्षे या दोघींनी मिळून काम केले. कल्पना ताराबाईंची आणि पाय अनुताईंचे, असा एक सरधोपट समज आहे. तो दोघींवरही अन्याय करणारा आहे. अनुताईंनी नुसते पाय चालवले नाहीत, आणि ताराबाईंनीही वस्त्यांची वाट अंगाला लागू दिली नाही असे नाही.

बोर्डी हे तसे सधन गाव. चिकूच्या वाड्या, सुरूची झाडे, जवळच घोलवडचे रेल्वे स्टेशन, आणि गावात आचार्य भिसे यांच्यासारखा थोर शिक्षक. बालवाडी उघडली, मुले आली. परंतु थोड्याच दिवसांत एक गोष्ट ध्यानात आली, की ज्यांच्यासाठी मुंबई सोडली ती मुले आलीच नाहीत. हरिजन वस्तीतल्या मुलांना गावातून चालत बालवाडीत येण्याचा संकोच होता. त्यांच्या आयांना सकाळी कामावर जायचे असे आणि मुलाला न्हाऊमाखू घालून, धुतलेले कपडे घालून शाळेत पोचवणे हे त्यांच्या वेळेत बसत नव्हते आणि ऐपतीतही. अशा वेळी शाळा चालवणारे बहुधा हजेरीपटावर शेरा मारतात : पालक उदासीन. ताराबाईंनी शेरा मारला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतले एखादे अंगण झाडून घ्यायचे, मुलांना हाका मारून गोळा करायचे, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, नखे काढायची, मग गाणी, गोष्टी, खेळ. आया दारात उभ्या राहून बघत. मुलाचे नाक कसे पुसावे आणि खरजेवर काय लावावे हे त्यांना व्याख्यानाने नव्हे, तर डोळ्यांदेखत कळू लागले. ही अंगणवाडी.

ही युक्ती म्हणून पाहिली तर अगदी साधी दिसते. तिच्या मागची उलथापालथ मात्र मोठी होती. शाळा म्हणजे इमारत, घंटा, वेळ आणि शिस्त. आणि मुलाने तिला योग्य होऊन यावे, या समजुतीवर आपली सारी शिक्षणव्यवस्था उभी आहे. आजही आहे. प्रवेशाच्या वेळी चार वर्षांच्या मुलाची मुलाखत घेणाऱ्या शाळा तर उघडउघड त्या समजुतीवर चालतात.

बोर्डीहून १९५७ साली केंद्र डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंना पासष्ट वर्षे पूर्ण झाली होती. टेकडीच्या आजूबाजूला विखुरलेले वारली पाडे. याच मुलखात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली मोठा लढा दिला होता. जमीन सावकाराची, गवत व्यापाऱ्याचे, जंगल सरकारचे आणि कष्ट तेवढे आपले, हा त्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव. बाहेरून आलेला कपडेवाला माणूस काहीतरी लिहून घेतो आणि त्यानंतर आपले काहीतरी जाते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. अशा पाड्यावर दोन बायका पाटी आणि खडू घेऊन आल्या, तर पाड्याने दारे लावून घ्यावीत यात आश्चर्य नव्हते.

मुलांना जिंकण्यासाठी येथे दादरचे साहित्य उपयोगाचे नव्हते. पण टेकडीवर दुसरे काय नव्हते! माँटेसरींच्या रंगपट्ट्यांच्या मोठ्या पेटीत नऊ रंगांच्या प्रत्येकी सात छटा, अशा त्रेसष्ट पट्ट्या असतात. गडदाकडून फिकटाकडे त्या लावायच्या. पावसाळ्यात कोसबाडच्या कोणत्याही झुडपापुढे बसलेल्या मुलाला हिरव्याच्या त्याहून अधिक छटा सापडतात. सागाचे कोवळे पान आणि जून पान, भाताच्या रोपाचा पोपटी आणि करवंदीच्या पानाचा काळसर हिरवा. मापाच्या दट्ट्यांऐवजी चिंचोके, वाल, तुरीचे दाणे, नदीतले गोटे, बांबूची कांडकी, शिंपले, पिसे. बांबूच्या पेरात बिया घालून हलवल्या की आवाजाची डबी तयार. काय मोजावे, काय जुळवावे, काय ओळीने लावावे हे तत्त्व माँटेसरींचे. सामान मात्र रानाचे. आणि रानाचे सामान महिन्यामहिन्याला बदलते, हाच त्याचा मोठा गुण. कारखान्यातला लाकडी ठोकळा जूनमध्ये आणि जानेवारीत तोच असतो.

कोसबाडच्या मुलांचे वर्ष सरकारी शाळेच्या वर्षासारखे जूनमध्ये प्रवेश आणि एप्रिलमध्ये परीक्षा असे चालत नव्हते. ते ऋतूंनी चालत होते. मृगाच्या सरी आल्या की आवणीची, म्हणजे भातलावणीची, धांदल. घरातले हात चिखलात, आणि मुलेही बांधावर. त्या दिवसांत चिखल हेच साहित्य. चिखल मळणे, त्याची चूल, बैल, भाकरी करणे यात हाताच्या बोटांची जी तयारी होते तीच पुढे लेखणी धरताना उपयोगी पडते. टाकळा, कुर्डू, शेवळे अशा रानभाज्या उगवत. त्यांची पाने ओळखण्यात वारल्याची पाच वर्षांची पोर शहरातल्या पदवीधर शिक्षिकेला सहज हरवी. असे हरणे ही शिक्षिकेच्या प्रशिक्षणातली महत्त्वाची पायरी होय. श्रावणभादव्यात किडे, फुलपाखरे, गोगलगाई. दसऱ्यादिवाळीच्या सुमारास भात पिवळे पडे, गवत कापणीला येई, आणि पाड्यापाड्यावर रात्री तारपा वाजू लागे; त्या तालावर वर्तुळात नाचणे मुलांना शिकवावे लागत नसे, बालवाडीने ते फक्त आपलेसे करायचे होते. मग खळ्यावरची मळणी, दाणे आणि फोल वेगळे करणे, सूप, टोपली, माप. थंडीत शेकोटीभोवती गोष्टी. फाल्गुनात पळस आणि काटेसावर फुले, मोहाची फुले पहाटे गोळा करायला मुले आयांबरोबर रानात जात; उन्हाळ्यात करवंदे, कैऱ्या, ताडगोळे. वारल्यांच्या कुडाच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढलेली चित्रे होतीच. गेरू आणि पीठ ही रंगपेटी ज्या घरात आहे, त्या घरातल्या मुलाच्या हाती खडू दिला की ते रेषेला भीत नाही.

यात एक धोका होता आणि तो ताराबाईंना दिसत होता. रानात शिकणारे मूल म्हणजे गोड चित्र. परंतु ते मूल रानात असते ते बहुधा हौसेने नव्हे, कामासाठी. थोरली बहीण कडेवर धाकटे भावंड घेऊन दिवसभर हिंडते, म्हणून ती शाळेत येत नाही. सहासात वर्षांचा मुलगा मालकाची गुरे राखतो आणि त्यावर त्याची भाकरी ठरते. या मुलांना ऋतूंच्या कविता ऐकवून काय उपयोग? म्हणून कोसबाडला विकासवाडी उभी राहिली. तिच्यात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. कडेवरचे मूल पाळणाघरात, मधले बालवाडीत, आणि थोरली बहीण मोकळ्या हातांनी पहिलीच्या वर्गात. तीन वयांची तीन मुले एका वाटेने येऊन तीन खोल्यांत जात. त्यातले एक जरी बंद पडले तरी तिघेही घरी बसणार, हे गणित ताराबाईंनी ओळखले होते. मुलगी शाळेत का येत नाही याचे उत्तर पुष्कळदा मुलीत नसून तिच्या कडेवर असते.

गुराख्यांसाठी याहून वेगळा उपाय काढावा लागला. गुरे सोडून मूल येऊ शकत नाही आणि गुरांना शाळेत आणता येत नाही. तेव्हा शिक्षिकाच गुरांमागे गेली. ज्या कुरणावर गुरे चरत, तेथे एखाद्या झाडाखाली शाळा भरू लागली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे पाण्यावर जातात केव्हा, बसतात केव्हा, त्यावर शाळेची वेळ. अक्षरे मातीवर काटकीने गिरवायची, बेरीज वजाबाकी खड्यांनी आणि गुरांच्या संख्येने करायची. एखादे जनावर शेतात शिरले की वर्ग मोडायचा आणि ते वळवून आणले की पुन्हा भरायचा. शाळाखात्याच्या तपासनिसाला असा वर्ग पाहून काय वाटत असेल, ही कल्पना गमतीची आहे. पण या वर्गाला भिंत नव्हती म्हणूनच त्यात ती मुले बसू शकली.

या कामाविषयी आक्षेप दोन्ही बाजूंनी होते. माँटेसरी पद्धतीच्या कट्टर अनुयायांना चिंचोक्यांनी आणि गोट्यांनी होणारी माँटेसरी म्हणजे भेसळ वाटे. मापातली अचूकता गेली की साहित्याचा आत्माच गेला, असा त्यांचा युक्तिवाद. तो सर्वस्वी चुकीचाही नाही. दहा ठोकळ्यांच्या मनोऱ्यात चूक झाली तर ती मुलाला आपोआप दिसते. दहा दगडांच्या मनोऱ्यात ती दिसेलच असे नाही. दुसरीकडे, गुराख्याला कुरणातच शिकवणे म्हणजे त्याची गुराखीपणातून सुटका न करता ती वेठ गोड करणे नव्हे काय, असाही प्रश्न होता. हा प्रश्न पहिल्यापेक्षा जड आहे. ताराबाईंनी त्याला तात्त्विक उत्तर दिल्याचे दिसत नाही. कुरणशाळेतले मूल पुढे विकासवाडीच्या प्राथमिक शाळेत कसे येईल हे पाहणे, एवढेच त्यांचे उत्तर होते. काही मुले आली, पुष्कळ आली नाहीत. त्या अपयशाकडे डोळेझाक करून या कामाचे गुणगान करणे ताराबाईंनाच रुचले नसते.

स्वतःच्या वागण्यातही त्या हळव्या नव्हत्या. कोसबाडला शिकायला आलेल्या तरुण मुलींकडून त्या कसून काम घेत. लहान मुलांसाठी त्यांनी गोष्टी आणि गाणी लिहिली, पालकांसाठी बालविकास, शिस्त, मुलांचा हट्ट अशा रोजच्या अडचणींवर सोप्या भाषेत लिहिले. हट्टी मुलाला काय करावे हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आईला उपदेशापेक्षा, मुलाच्या दिवसात त्याला स्वतःच्या हाताने करायला काय काय आहे, हे पाहायला त्या लावत. रिकाम्या हातांचे मूल हट्ट करते, भरल्या हातांचे मूल क्वचित करते, हा त्यांचा पन्नास वर्षांचा अनुभव होता. आज ज्या घरांत मुलांच्या हाती मोबाइल देऊन हट्ट शमवला जातो, त्या घरांतही हा अनुभव ताडून पाहण्यासारखा आहे.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. त्यानंतरही कोसबाडचे काम पैशाच्या ओढगस्तीतच चालले. टेकडीवर पाणी, अन्न, औषध यांच्या अडचणी होत्या आणि ताराबाईंचे शरीर थकत चालले होते. प्रशिक्षणाचे वर्ग, पाहुण्यांची वर्दळ, अनुदानाचा पत्रव्यवहार हे सारे हळूहळू अनुताईंकडे गेले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, ताराबाईंचे निधन झाले. पावसाळा उताराला लागला होता. कोसबाडच्या परिसरात भात पोटऱ्यावर येण्याचे ते दिवस.

दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ गटांत सुरू केली आणि तिच्या प्रत्येक केंद्राला अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या अंगणातले नाव असे काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गेले. नाव गेले, चिंचोके आणि पाने सगळीकडे गेली असे नाही. अनेक ठिकाणी अंगणवाडी म्हणजे खिचडी वाटपाचे आणि वजन नोंदवण्याचे केंद्र होऊन बसले, आणि अंगणातल्या मुलाच्या हाताला काय काम मिळाले याची नोंद करायला वहीत रकानाच उरला नाही. काही सेविकांनी मात्र तो आपल्या बुद्धीने पाडला.

अनुताई वाघ कोसबाड सोडून कोठे गेल्या नाहीत. कोसबाडच्या टेकडीवरून या आपल्या पुस्तकात त्यांनी या सगळ्या खटाटोपाची हकिकत सांगितली आहे. ताराबाईंच्या मागे एकोणीस वर्षे, म्हणजे १९९२ मध्ये स्वतःच्या मृत्यूपर्यंत, त्या संस्था चालवीत राहिल्या. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात.